ओंडक्यांचा बॉयलर

विन्को निवृत्त झाला आणि त्याच थंडीत घर तापवणाऱ्या जुन्या बॉयलरने मान टाकली. पोहोर्येच्या डोंगरात त्याच्यावाचून हिवाळा काढणं म्हणजे थट्टा नव्हे, म्हणून नवरा-बायको तडक शहरातल्या दुकानात गेले. विन्कोला ओंडक्यांवर चालणाराच बॉयलर हवा होता. लाकडं सारायच्या निमित्ताने तळघरात प्लमच्या दारूचा घोट घेता येतो, हे कारण काही बायकोला, युस्तिनाला, सांगण्यासारखं नव्हतं. त्यामुळे जंगल आपलं, लाकूड फुकटचं, असं बरंच काही तो वाटभर घोकत आला होता.

दुकानदाराने आधी लाकडाच्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारा चकचकीत बॉयलर दाखवला. "काकू, हा आपला आपण पेटतो, गोळ्याही आपणच ओढून घेतो. काकांना तळघरात उतरायलाच नको. दिवसभर तुमच्यासमोर निवांत बसतील."

युस्तिनाने नवऱ्याकडे एकवार पाहिलं. "आणि तो कोपऱ्यातला?"

"तो ओंडक्यांचा. पण त्याच्यामागे सारखं राबावं लागतं हो. लाकडं घाला, राख काढा..."

"तोच द्या," युस्तिना म्हणाली. "आणि याहून जास्त राबवणारा असेल, तर आधी तो दाखवा."

विन्कोला अगदी हवं तेच मिळालं होतं. तरी घर येईपर्यंत तो बायकोशी एक अक्षर बोलला नाही.