दुसऱ्या दिवसाचा अंक

"हे आमचे आजोबा," कंत्राटदार म्हणाला आणि काचेची चौकट त्याने टेबलावर आदळली.

चौकटीत वर्तमानपत्राचं पिवळं पडलेलं कात्रण होतं. सत्तर वर्षांपूर्वीची बातमी, पहिलं पान. रेल्वेच्या फाटकवाल्याने उजाडता उजाडता रुळांवर आडवं पडलेलं झाड पाहिलं, लाल बावटा घेऊन तो अर्धा मैल धावला आणि भरलेली गाडी वाचवली. कंत्राटदार एक सभागृह बांधत होता. त्याला आजोबांचं नाव द्यायचं होतं, आणि समितीला मूळ बातमीची शिक्का मारलेली प्रत हवी होती.

दफ्तरखान्याच्या कारकुनाने कात्रणाकडे नीट पाहिलंही नाही. असली कात्रणं त्याने पोत्याने पाहिली होती. पूर्वज शोधायला येणाऱ्या लोकांचा त्याला मनापासून तिटकारा होता. दारुडा, उधळ्या, बायकोला छळणारा आजोबा कुणालाच नको असतो. सगळ्यांना शूर हवा, तोही आयता. स्वतः झुरळ पाहून खुर्चीवर चढणारा माणूस आजोबांच्या जोरावर मिशीला पीळ देतो, हे त्याने या टेबलापाशी बसून तीस वर्षं पाहिलं होतं.

म्हणून त्याने आपली एक पद्धत ठेवली होती. बातमी छापतात पहिल्या पानावर. तिची दुरुस्ती येते दुसऱ्या दिवशी, शेवटच्या पानावर, मलमाच्या जाहिरातीखाली. घरचे लोक पहिला अंक कापून चौकटीत घालतात. दुसरा अंक कुणी उघडूनही पाहत नाही. कारकून मात्र कुणीही अर्ज केला की दोन्ही अंक काढायचा. बहुतेक वेळा काही मिळत नसे. मिळालं, की त्याचा तो दिवस मजेत जायचा.

कंत्राटदाराचा अर्ज आधीच आला होता, आणि आज त्याला मिळालं होतं.

कंत्राटदाराबरोबर त्याची धाकटी बहीण आली होती. ती शाळेत गणित शिकवायची. तिने एक झेरॉक्स पुढे सरकवली.

"नोकरीच्या नोंदवहीत एवढंच सापडलं," ती म्हणाली. फाटकवाल्याच्या नावापुढे, बातमीनंतर नवव्या दिवशी, एकच शब्द लिहिलेला होता: बडतर्फ. "कारण दिलेलं नाही. लोक म्हणायचे, चोरी केली म्हणून काढलं. आमच्या बाबांनी चोराचा मुलगा म्हणून जन्मभर मान खाली घातली. आता अंथरुणाला खिळलेत. मला ते कारण हवंय, भाऊसाहेब. सभागृहाचं दादा बघेल."

"अगं, साहेब लोकांचा जळफळाट, दुसरं काय," कंत्राटदार म्हणाला. "माणूस मोठा झाला की वरच्यांच्या पोटात दुखतंच."

कारकुनाला हसू आवरेना. त्याने दुसऱ्या दिवसाचा अंक उघडला, चष्मा पुसला आणि शेजारच्या टेबलांनाही ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "'कालच्या बातमीत दुरुस्ती. बावटा घेऊन धावलेली व्यक्ती फाटकवाला नसून त्याची पत्नी होय. फाटकवाला त्या वेळी झोपलेला होता.'"

खाली आणखी काही ओळी होत्या. त्या त्याने सकाळीच वाचल्या होत्या. त्या वाचून दाखवल्या तर सगळी मजा जाईल, हेही त्याला तेव्हाच कळलं होतं. त्याने अंक मिटला.

कंत्राटदाराचा चेहरा खाड्कन उतरला, पण गडी लवकर सावरला. "ही भानगड चव्हाट्यावर आणायचं काही कारण नाही," तो आवाज खाली आणून म्हणाला. "पहिल्या दिवसाचीच प्रत द्या, शिक्का मारून."

"आजीचं नाव द्या की सभागृहाला," कारकून म्हणाला. "धावली तर तीच."

"फाटकवालीचं सभागृह? लोक हसतील."

अगदी अपेक्षेप्रमाणे, कारकून मनात म्हणाला. नातू म्हणजे नुसता वाजणारा रिकामा डबा. त्याने समाधानाने शिक्क्याची डबी उघडली.

"इतकंच छापलंय?" बहिणीने विचारलं.

"इतकंच."

गणित चुकलेल्या मुलाची वही पाहावी तशी ती मिटलेल्या अंकाकडे पाहत होती.

"मग पेपरवाल्यांना हे कळलं कसं?" ती म्हणाली. "आडरानातलं फाटक. तिथं मोठी माणसं दोघंच. एक झोपलेला, एक धावलेली. आजी सांगायला जाणार नाही. नवऱ्याची नोकरी जाईल हे तिला कळत असणार. सांगणारं तिसरं कुणी नव्हतंच." तिने मान वर केली. "भाऊसाहेब, खरंच इतकंच छापलंय?"

अंक परत फळीवर गेला असता, तर त्या ओळी पुन्हा कुणाच्या नजरेला पडल्या नसत्या. कारकुनाने तो उघडला. या वेळी त्याने हळू आवाजात वाचलं.

"'ही माहिती स्वतः फाटकवाल्याने काल सायंकाळी आमच्या कचेरीत येऊन दिली. आपल्या झोपेचाही उल्लेख व्हावा, असा त्याने आग्रह धरला.'"

बहिणीने खुर्ची ओढली आणि ती बसली. "म्हणजे चोरी नव्हती," ती म्हणाली. "चोरी नव्हती, दादा. बाबांना घरी गेल्या गेल्या सांगते."

"चोरी परवडली," कंत्राटदार म्हणाला. "घरात बायको, पोर, आणि हा गृहस्थ चालत जाऊन स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो. सगळं गाव वाहवा करत होतं. गप्प बसायला काय झालं होतं? विचारलं होतं का त्याला कोणी?"

कारकुनाने दुसऱ्या दिवसाच्या बातमीची प्रत काढली, तिच्यावर शिक्का उमटवला आणि ती बहिणीच्या हातात दिली.

"नाही," तो कंत्राटदाराला म्हणाला. "त्यांना कुणीच विचारलं नव्हतं. मी मात्र दोनदा विचारल्यावर सांगितलं."