एकोणीस वाटेकरी

ॲग्नेस वेट्झेल तिसऱ्यांदा खुर्चीतून उठली आणि खिडकीशी गेली. सत्तरी ओलांडलेली, गावच्या चर्चमध्ये चाळीस वर्षं ऑर्गन वाजवणारी बाई. तिची येरझार बघून डॅरेल क्लाइनचाही जीव खालीवर होऊ लागला.

राज्याची राजधानी बिस्मार्कमधल्या या राज्य सरकारच्या खात्यात तो अकरा वर्षं गुंतवणुकीतल्या फसवणुकींचा तपास करत होता. फसलेली म्हातारी माणसं अशीच येतात. आधी चिडतात, मग लाजतात.

"बसा ना, बाई. पवनचक्कीत वाटा देतो म्हणून पैसे घेतले. किती जणांकडून?"

"एकोणीस. सगळे आमच्या चर्चमधले." तिने घरून आणलेला केक पुढे सरकवला. "घे रे, मुला."

"नाही चालत. नियम आहे."

"आता केकलाही कायदा?" ती हसली.

"पवनचक्की उभी तरी आहे का?"

"कागदावर."

"आणि वाटे विकायची सरकारी नोंदणी?"

"लोकांना सांगितलं होतं, सगळं राज्यातल्या राज्यात आहे, नोंदणी लागत नाही."

डॅरेल भडकला. "अर्धवट शहाणपण! त्याने वॉशिंग्टनची, म्हणजे केंद्राची नोंदणी टळेल, आमची राज्याची कशी टळेल? आणि फसवणूक ती फसवणूक. तिथेही गुन्हा, इथेही."

"एकोणिसांतला एक शेजारच्या राज्यात, माँटानात राहत असेल तर?"

"मग वॉशिंग्टनची सूटही गेली."

ती पुन्हा उठली. "तुरुंग होतो?"

"होतो. घाबरू नका, तुमच्या केसालाही धक्का लागणार नाही."

"ते राहू दे. लोकांचे पैसे वाचतील का, ते सांग."

"बँकेतलं खातं आजच गोठवलं, तर आहेत तेवढे वाचतील. उद्याचं काही सांगता येत नाही. अशी माणसं एका रात्रीत पसार होतात."

"हो," ती म्हणाली. "तिकीटसुद्धा काढून ठेवतात."

मग तिने कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला आणि सकाळपासून पहिल्यांदाच टेकून बसली.

डॅरेलने पेन उचललं. "भामट्याचं नाव?"

"ॲग्नेस वेट्झेल."

"तुमचं लिहून झालंय, बाई. वाटे विकणाऱ्याचं सांगा."

"तेच सांगतेय, मुला."