अंगाईचा तास

"जिंकलात, बाबा. तुमच्या वर्गाची सरासरी अडतीस, माझ्या वर्गाची सदतीस."

लेकीने निकालाचा कागद भूगोलाच्या सरांच्या हातात ठेवला. तीही त्याच विद्यापीठात तोच विषय शिकवायची, पण चार-चार जणांचे गट करून. सर मात्र तीस वर्षं एकटेच बोलत आले होते. दोन्ही वर्गांना धडे तेच, परीक्षा तीच; कोणाची पद्धत सरस, ते निकालावर ठरणार होतं. सर हरले असते, तर त्यांच्या मोठ्या वर्गात प्लायवूड ठोकून छोट्या खोल्या होणार होत्या. आणि त्या वर्गावर तर त्यांचा जीव होता.

"व्याख्यान ते व्याख्यान! पोरं डोळे मिटून ऐकतात माझं," सर म्हणाले. अंगावर मूठभर मांस चढलं होतं. लेक बिचारी कसनुशी हसली.

त्या दुपारी सरांनी भरती-ओहोटी घेतली. पडदे हलत होते, उन्हात खडूची धूळ तरंगत होती. तिकडे चंद्र पाणी ओढत होता, इकडे सरांचा आवाज वर्गाला. एकेक पापणी मिटत गेली. काय गोड दिसत होती सगळी! तास कधी संपला, सरांना कळलंसुद्धा नाही.

मागच्या जिन्याने ते तरंगतच उतरले. खाली चौघंजण कोंडाळं करून बसले होते. पलीकडे आणखी चौघं. त्यांच्यापलीकडे आणखी. अहो, सगळा त्यांचाच वर्ग!

"चला, अंगाईचा तास संपला. आता शिकू या," एक वेणीवाली म्हणाली. तिने वेणीचा रबरबँड काढून दोन्ही हातांनी ताणला. "हे बघा. चंद्राकडचं पाणी जास्त ओढलं जातं, मधली पृथ्वी कमी, पलीकडचं पाणी त्याहून कमी. म्हणून फुगवटा दोन्ही बाजूंना. शिरलं डोक्यात?"

"आत्ता शिरलं, बाई!"

सर त्या रबरबँडकडे बघतच राहिले. इतक्या वर्षांत हे त्यांना सुचलं नव्हतं. खिशातल्या निकालाची त्यांना लाज वाटली. गुपचूप मागे फिरावं म्हणेपर्यंत त्यांची सावली कोंडाळ्यावर पडली.

वेणीवालीने मान वर न करताच सरकून जागा केली. "ये, बस. तुलाही झोप लागली होती ना?"

"हो गं," सर मांडी घालत म्हणाले. "तीस वर्षं."