फाटका मोजा

गुनवोरच्या घरच्या, तार्नेक्स कंपनीच्या संगणकानं पुन्हा मान टाकली. कंपनीकडून दुरुस्तीला आलेल्या माणसानं दाराशी बूट काढले, फाटक्या मोज्यातून बाहेर आलेला अंगठा मिरवत तो आत आला आणि वर तिलाच म्हणाला, "त्या ब्योर्का कंपनीचं भंगार घेतलं असतंत म्हणजे कळलं असतं, बाई!"

गुनवोरचं डोकंच फिरलं. तिनं त्याची सणसणीत तक्रार ठोकली आणि तार्नेक्सच्या नाकावर टिच्चून ब्योर्काचाच संगणक मागवला.

बर्फातून टोपी-मफलर गुंडाळलेला माणूस खोकं घेऊन आला. दाराशी वाकून त्यानं बूट काढले. तोच अंगठा!

"तुम्ही?"

"तुमच्या तक्रारीनं तिकडची नोकरी गेली," खोकं आत सरकवत तो म्हणाला. "आता ब्योर्काच्या इथल्या सगळ्या तक्रारी माझ्याकडंच येतात, बाई."