बाबाच्या हातची मरळ

सुरभीनं बरणीचं झाकण उघडलं आणि नाकाला पदर लावला. आतले मरळीचे तुकडे लिबलिबीत झाले होते. वास तर विचारू नका.

परवा त्यांच्यावर पांढरं दिसलं, म्हणून बुरशी समजून तिनंच ते नळाखाली चोळून धुतले होते. ते मीठ होतं. त्याच मिठानं तर मासोळी राखली होती! माहेरी, यवतमाळात, खारवलेली मासोळी कोणी पाहिली होती? नसता शहाणपणा नडला, दुसरं काय.

बरणी साधी असती तर गोष्ट वेगळी. सासरे पंजाबराव गेले त्याच आठवड्यात त्यांनी ती मरळ स्वतः खारवली होती. तिचा नवरा राजदीप तेव्हा पुण्याला नोकरीत. बापाच्या मातीलाही पोचला नाही. दर स्मृतिदिनाला बुद्धवंदना झाली की बरणीतला एक तुकडा शिजायचा आणि तो एकटा राजदीप खायचा. “बाबाच्या हातचा घास,” म्हणायचा. लग्न होऊन सुरभी आली, तर त्यानं आधी बरणी दाखवली, मग घर.

“इतक्या वर्षांत संपली कशी नाही?” तिनं तेव्हा विचारलं होतं.

“एकच तं तुकडा लागते,” सासूबाई घाईनं म्हणाल्या होत्या.

त्या सत्यशीलाबाई सध्या हात मोडून लेकीकडे राजूरला होत्या. फोनवर रोज एकच धोशा. “सुरभी, बरणीले हात नको लावू हं. मी आल्यावरच काढतो.”

“नाही लावत, आई.” एवढं बोलून ती फोन ठेवून द्यायची.

तिनं सडकी मासोळी लिंबाखाली पुरली आणि महागावच्या बाजारात रामीबाईकडून ताजी मरळ आणली.

“मिठाले हात आखडू नको वो माय,” रामीबाईनं बजावलं. “जास्त झालं तं धुता येते, कमी झालं तं फेका लागते.”

तरी तिचा हात आखडलाच. चिरा पाडून मीठ-हळद भरली, वर पाटा ठेवून पाणी काढलं. राजदीप कापसाच्या जिनिंगवर कामाला गेला की ती तुकडे गच्चीवर मच्छरदाणीखाली वाळवायची आणि काठी घेऊन कावळे हाकलत बसायची. बसल्या बसल्या रडायची. नवऱ्याचा बाप चोरल्यासारखं वाटायचं तिला.

स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी सत्यशीलाबाई आल्या. हात प्लास्टरमध्ये, काखोटीला पिशवी. चप्पल काढायच्या आधी त्या बरणीच्या फळीपाशी गेल्या. घरात एकदम खाऱ्या मासोळीचा वास सुटला. सुरभीला वाटलं, आपल्याच अंगाला येतो आहे.

त्यांनी बरणी उघडली. एक तुकडा काढून बोटानं दाबला. मग सुनेकडे बघितलं, कितीतरी वेळ.

“कोणी उघडली होती?”

“कोणी नाही, आई.”

सत्यशीलाबाईंचे डोळे भरले. त्यांनी पिशवी पायानंच खाटेखाली सारली.

“उद्या तूच काढ तुकडा,” त्या म्हणाल्या. “तूच शिजव.”

मेले, सुरभीच्या मनात आलं. आता आपल्याच हातानं नवऱ्याला खोटा घास भरवायचा.

दुसऱ्या दिवशी वंदना झाली. सत्यशीलाबाई बाहेरच्या खोलीत पंजाबरावांच्या फोटोपाशीच बसून राहिल्या. राजदीप स्वयंपाकघरात पाटावर बसला, भाकरीचा तुकडा मोडला आणि मासोळीचा घास तोंडात घातला. चावता चावता थांबला.

झालं! सुरभीनं पदर मुठीत धरला. “अहो, मला काही सांगायचं आहे...”

त्यानं ओठांवर बोट ठेवलं. बाहेरच्या खोलीकडे एकदा पाहिलं आणि तिला जवळ बोलावलं.

“मीठ कमी हाये यंदा,” तो हळूच म्हणाला. “आईचा हात मोडला ना, मूठ भरली नसन. बाबाची मासोळी तं पहिल्याच साली संपली, तवापासून आईच भरते बरणी. तिले सांगू नको, मले माहीत हाये म्हणून.”