घरचं जेवण

‘घरचं जेवण,’ दारातल्या लेसरनं दिगंबरचा श्वास तपासून सांगितलं आणि शर्वरीच्या अंगाचा तिळपापड झाला. एकाच वेळी अनेक रंगांनी श्वास पारखणाऱ्या त्या फायबर लेसरचे रंग दिगंबरच्या पहिल्या बायकोनं, कुंदानं, स्वतःच्या स्वयंपाकावर जुळवून ठेवले होते. कुंदा जाऊन तीन वर्षं झाली, तरी शर्वरीच्या हातचं त्या लेसरला ‘बाहेरचं’च!

“कुठं जेवलात?”

“कुंदाच्या आईकडे.”

“आत्ताच्या आत्ता ते रंग बदला. माझ्या आमटीवर लावा!”

त्यानं मुकाट्यानं बदलले.

पुढच्या रविवारी कुंदाच्या आईकडून परतल्यावर त्यानं लेसरसमोर फुंकर मारली.

‘बाहेरचं जेवण.’

शर्वरी गालात हसली. तेवढ्यात तिनं पाहिलं, दिगंबर ओठ पुसून पुन्हा एकदा फुंकर मारत होता.