स्कॅनमध्ये न दिसलेलं

“काहीही आढळलं नाही.” बायकोच्या मानेच्या स्कॅनच्या रिपोर्टची शेवटची ओळ नवऱ्याने मोठ्याने वाचली आणि कागद सर्जनबाईंच्या टेबलावर ठेवला. तीस वर्षं तो विमा कंपनीत सर्व्हेअर होता. लोकांच्या चेपलेल्या गाड्या आणि जळालेली दुकानं बघण्यात आयुष्य गेलेलं. फोटोत नुकसान दिसलं नाही की दावा नामंजूर. बायकोची मानही त्याने त्याच रांगेत बसवली होती.

तिचे दावे तसे जुनेच. हाडं ठणकायची, ते त्याच्या मते वय. दोनदा मुतखडा झाला, ते पाणी कमी पिणं. गणित शिकवणारी बाई फळ्यासमोर उभ्या उभ्या हातचा विसरली, तेव्हा वर्गातली पोरंसुद्धा गप्प बसली होती. हा मात्र घरी पोट धरून हसला. ती चिडली की म्हणायचा, “झालं हिचं सुरू.” बायकोकडे इतकं बारीक लक्ष असलेला नवरा शोधून सापडायचा नाही.

शेवटी कुणीतरी रक्त तपासलं. कॅल्शियम वाढलेलं, ते वाढवणारं हार्मोनही वाढलेलं; हाडं, खडे, विसरणं, चिडणं, सगळं त्यातूनच येऊ शकतं. गळ्यातल्या तांदळाएवढ्या चार पॅराथायरॉईड ग्रंथींपैकी कुणीतरी गरजेपेक्षा जास्त राबत होतं. ग्रंथीही मालकिणीच्याच वळणावर गेलेल्या.

“म्हणजे ऑपरेशन रद्द,” नवरा उठत म्हणाला. “चल गं.”

“बसा,” सर्जनबाई म्हणाल्या. “आजार आहे की नाही ते रक्त सांगतं. स्कॅन फक्त गाठीचा पत्ता सांगतो. पत्ता मिळाला असता तर छोटासा छेद देऊन तेवढीच ग्रंथी काढली असती. मिळाला नाही, म्हणून आता चारही बघायच्या.”

“दिसत नाही म्हणून मोठं ऑपरेशन? मी नाही सही करणार.”

“सही त्यांची लागते.”

तिचा जीव टांगणीला लागला होता. हे ऑपरेशन तिला हवंच होतं, आणि हाडांपेक्षाही डोक्यासाठी हवं होतं. आपल्या डोक्यात येतं ते आपलं असतं की नाही, हे तिला एकदाचं कळायला हवं होतं. तिने पेन मागून घेतलं.

ऑपरेशनमध्ये दोन ग्रंथी फुगलेल्या निघाल्या, त्या काढल्या. सर्जनबाईंनी मोबाइलवर फोटो दाखवला. नवऱ्याने चष्मा लावून तो नीट निरखला आणि बायकोचा आजार मंजूर केला. पुढच्या आठवड्यापासून तो सगळ्यांना सांगत सुटला, की शंका पहिल्यांदा त्यालाच आली होती.

सहा महिन्यांनी दोघं तपासणीला आली. हाडं दुखायची थांबली होती. झोप लागत होती. हातचे पुन्हा जागच्या जागी.

“आणि चिडचिड?” सर्जनबाईंनी तिला विचारलं.

“बंद,” नवऱ्याने उत्तर दिलं. “ते सगळं त्या गाठींचंच होतं, डॉक्टर. आता हिचा आवाजसुद्धा चढत नाही.”

आवाज खरंच चढला नाही.

“डॉक्टर, यांच्यापासून वेगळं राहायचं मी ऑपरेशनच्या आधीच ठरवलं होतं,” ती म्हणाली. “पण तेव्हा वाटलं, हे मी बोलतेय की कॅल्शियम? म्हणून थांबले. आता कॅल्शियम अगदी नॉर्मल आहे, आणि विचार तोच आहे.”